कामावाचून चालायलाही वाट हवी

चालण्याच्या बाबतीत शेगावला कुणी काही शिकवावं, अशी परिस्थिती नाही. श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी सुमारे सातशे किलोमीटर पायी जाऊन आषाढी एकादशीच्या आधी पंढरपुरात पोचते आणि परतीचा प्रवासही पायीच करते. या परतीचा शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव. त्या सोळा-सतरा किलोमीटरांत पालखीमागे हजारो माणसं चालतात. त्यांत एरवी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायलाही मोटारसायकलला किक मारणारे असतात. प्रकटदिनाला, रामनवमीला, ऋषिपंचमीला वऱ्हाडातून, खानदेशातून, मराठवाड्यातून गावोगावच्या पायदळ दिंड्या शेगावच्या रस्त्याला लागतात. तरीही याच बुलढाणा जिल्ह्यात एखाद्या कुटुंबाला एक दिवस नुसतंच चालायचं असेल, नवस न बोलता, वजन कमी करायचं न ठरवता, पाण्याच्या काठाने किंवा झाडोऱ्यातून रमतगमत, तर त्यांच्यासाठी आखलेली, पाट्या लावलेली, मध्ये टेकायला सावली असलेली वाट शोधावी लागते आणि बहुधा सापडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की अशी वाट ही पाणपोईसारखी साधी सार्वजनिक सोय आहे, ती करणं सरकारचं काम आहे आणि बुलढाण्याला ते फारसा खर्च न करता जमण्यासारखं आहे.

आपल्याकडे चालण्याला कारण लागतं. देवाला जायचं, शेतावर जायचं, एसटी चुकली किंवा डॉक्टरांनी सांगितलं. यापलीकडचं चालणारं माणूस दिसलं की गाव त्याला पहिला प्रश्न विचारतं, ‘काय काम काढलं?’ या प्रश्नात वाईट काही नाही, पण तोच प्रश्न आपल्या पर्यटन आराखड्यांच्या मुळाशीही बसला आहे. पर्यटनस्थळाचा विकास म्हटला की कमान येते, वाहनतळ येतो, फरशी येते, सेल्फी काढायचा कठडा येतो. माणूस गाडीतून उतरतो, शंभर पावलं जातो, फोटो काढतो आणि परत गाडीत बसतो. त्या शंभर पावलांवर कोट्यवधी खर्च होतात आणि एकशेएकाव्या पावलाला वाट संपते. दुसरीकडे आरोग्य खातं रोज चाला म्हणून सांगतं. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. हे आकडे माझ्या बाजूचे आहेत, पण त्यांच्यावर मी फार भार टाकणार नाही. चालण्याचं औषध केलं की ते औषधासारखंच टाळलं जातं. मोजून मारलेल्या फेऱ्यांना माणूस पंधरा दिवसांत कंटाळतो. वळणामागे काय आहे हे पाहायला मात्र तो आपण होऊन जातो.

समुद्राकाठच्या देशांनी हे कसं केलं, ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमधल्या वेल्सने २०१२ साली आपल्या सगळ्या किनाऱ्याला लागून सुमारे १४०० किलोमीटरची अखंड पायवाट खुली केली. इंग्लंडने २००९ मध्ये कायदा करून आपल्या किनाऱ्यावर चालण्याचा हक्क लोकांना दिला. गंमत अशी, की या वाटांवर सगळं अंतर तोडणारे थोडे. बहुतेक जण एक दिवसाचा तुकडा निवडतात, सकाळी एका गावात उतरतात, दुपारी कुठेतरी शिदोरी सोडतात आणि संध्याकाळी पुढच्या गावातून बस पकडतात. महाराष्ट्राला पिढ्यानपिढ्या भूगोलाच्या पुस्तकात ७२० किलोमीटरचा किनारा शिकवला गेला, पण त्या किनाऱ्याचं आपलं मोठं स्वप्न कोणतं? रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग. मुंबईत किनारी रस्ता मार्च २०२४ मध्ये मोटारींना टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला. त्याच्या कडेचा समुद्राकाठचा पदपथ पायी माणसाला मिळायला त्यानंतर वर्षाहून जास्त काळ गेला. आधी चाक, मग पाय, हा क्रम आपण इतका गृहीत धरला आहे की त्यावर कुणी रागावलंसुद्धा नाही.

अपवाद आहेत आणि ते उपयोगाचे आहेत. रायगड जिल्ह्यातल्या कर्नाळा पक्षी अभयारण्याचं क्षेत्र जेमतेम बारा चौरस किलोमीटर, पण तिथे माणूस तिकीट काढून पायी आत जातो, जंगलातल्या वाटेने किल्ल्यापर्यंत चढतो आणि संध्याकाळी पनवेलच्या बसमध्ये बसतो. मुरूडजवळचं फणसाड हे किनाऱ्यालगतच्या डोंगरातलं अभयारण्य. तिथेही पाणवठ्यांकडे जाणाऱ्या पायवाटा आहेत. आणि बोरीवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तर बिबट्यांसाठी जगभर प्रसिद्ध असूनही रोज पहाटे तिथे पास घेऊन लोक फिरतात, ठरवून दिलेल्या वाटांवर वाटाड्याबरोबर जातात. म्हणजे कायदा आड येतो, वन्यप्राणी आड येतात, हे सरसकट खरं नाही. आड येते ती सवय.

आता कोणी म्हणेल, हे सगळं किनाऱ्याचं झालं. शेगावचा आणि समुद्राचा काय संबंध? मुंबईपासून रेल्वेने साडेपाचशे किलोमीटर आत असलेल्या गावात किनाऱ्याच्या गोष्टी कशाला? (खाऱ्या पाण्यापुरता संबंध आहे म्हणा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की समुद्र फार लांब वाटत नाही.) खरं उत्तर मात्र शेगावनेच देऊन ठेवलं आहे, आणि त्याचं नाव आनंदसागर. गजानन महाराज संस्थानाने या शतकाच्या सुरुवातीला ओसाड जमिनीवर तलाव केला, तलावात बेट केलं, कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाची आठवण देणारं ध्यानकेंद्र त्या बेटावर बांधलं आणि सभोवती झाडं वाढवली. पुढे तो काही वर्षं बंद राहिला आणि अलीकडे त्यातला काही भाग पुन्हा उघडला. तो चालू होता तेव्हा तिथे लोटणाऱ्या गर्दीचं कारण खेळणी आणि छोटी आगगाडी एवढंच होतं, असं म्हणणं त्या गर्दीवर अन्याय आहे. खेड्यापाड्यातून आलेली नऊवारीतली आजी, तिची सून, नातवंडं तिथे तासन् तास नुसती चालत. पाण्याकाठी, सावलीत, स्वच्छ वाटेवर, कुणी हटकत नाही अशा जागी. कारणावाचून चालायची भूक या भागाला आहे, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. बाग बंद झाल्यावर हळहळ झाली ती याच भुकेची होती.

शेगावला येणाऱ्या भाविकाचा दिवस कसा जातो तेही लक्षात घ्या. मुंबई–हावडा लोहमार्गावरचं स्टेशन असल्याने पहाटेपासून गाड्या येतात. दर्शनबारी, समाधीचं दर्शन, महाप्रसाद, स्टेशनच्या वाटेवर कचोरी. आणि परतीची गाडी संध्याकाळी किंवा रात्री. मधले चार-सहा तास माणूस भक्तनिवासात आडवा होतो किंवा बाजारात फिरून गरज नसलेल्या वस्तू घेतो. या चार-सहा तासांना पुरेल अशी आठ-दहा किलोमीटरची सावलीची वाट गावाभोवती असती तर ती किती जणांनी वापरली असती, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. शिवाय लोकांना रांगेत, स्वच्छतेत, शांततेत कसं वागवायचं हे शेगावएवढं राज्यात फार थोड्यांना कळतं. संस्थानात शिवशंकरभाऊ पाटलांनी उभी केलेली सेवाधाऱ्यांची शिस्त अभ्यासायला बाहेरची माणसं येतात. समोरच्याला ‘माऊली’ म्हणून हाक मारत त्याच्या हातातला कागद कचरापेटीत टाकायला लावणं हे तिथे रोज घडतं. अर्थात पायवाटांचं काम संस्थानाच्या गळ्यात बांधावं असं मी म्हणत नाही. आपल्या भागात काही चांगलं हवं असलं की सरकारऐवजी संस्थानाकडे बोट दाखवायची खोड जडली आहे. ती सोडायला हवी.

काठ या शब्दाला साजेशी जिल्ह्यातली सर्वांत थोर जागा अर्थातच लोणार. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं हे विवर जगातल्या मोजक्या विवरांपैकी एक. १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. इथल्या लोकांना ते अर्थातच आधीपासून माहीत होतं, नाहीतर काठावर आणि पोटात इतकी जुनी मंदिरं उभी राहिली नसती. आत खारट-अल्कधर्मी पाणी, जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतलं. क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे रंग आला असं नंतर तपासात निघालं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, नांदूर मधमेश्वरनंतरचा राज्यातला दुसरा. एवढं सगळं असून लोणारला गेलेला सामान्य माणूस काय करतो? वरच्या कठड्यावरून खाली बघतो, आत पाणी आहे याची खात्री करून घेतो, दैत्यसूदनाच्या मंदिरात जातो आणि गाडीत बसतो. तासाभरात लोणार ‘होतं’.

आणि लोणार तर पायांनी वाचायचीच जागा आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे कड्यावरून एक पूर्ण फेरी साडेपाच-सहा किलोमीटरांची. थांबत थांबत, लहान मुलं बरोबर घेऊन, तीन तास. या फेरीत एका हाताला शेतं, दुसऱ्या हाताला जवळपास दीडशे मीटर खोल उतरलेला खड्डा. आत उतरलं की पट्ट्यापट्ट्यांनी झाडोरा बदलतो: वर पानझडी जंगल, खाली पसरलेली वेडी बाभूळ, मग उघडी चिखलपट्टी, मग पाणी. बाहेरून भुसभुशीत वाटणाऱ्या कड्यावर उलटेपालटे फेकले गेलेले खडकांचे थर दिसतात. कुठला थर खालून वर आला हे सांगणारी एक पाटी तिथे असली तर दहावीच्या मुलाला भूगोलाचा आख्खा धडा पंधरा मिनिटांत कळेल. झऱ्याच्या धारेचं गोडं पाणी आणि सरोवराचं खारं पाणी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, हे गाडीच्या काचेतून कळत नाही. विवराच्या पोटात लोकांनी नेहमीच ये-जा केली आहे. हवी आहे ती कड्यावरची सलग वाट, ठिकठिकाणी झाडाची सावली, पाण्याच्या दोन टाक्या, एक स्वच्छतागृह आणि फेरी कुठे सुरू होते, कुठे संपते, किती वेळ लागतो हे मराठीत सांगणारे फलक. यात सिमेंट जवळजवळ लागत नाही, आणि मला वाटतं, म्हणूनच ते होत नाही. ज्या कामात सिमेंट नाही त्याला ठेकेदार नाही आणि ठेकेदार नसलेल्या कामाला पाठपुरावा करणारं कोणी नाही.

लोणारवरची हरकत गंभीर आहे, तिला उत्तर दिलंच पाहिजे. हे अभयारण्य जेमतेम साडेतीन-पावणेचार चौरस किलोमीटरचं आहे. परिसंस्था नाजूक आहे. पाण्याची पातळी अलीकडे वाढत जाऊन कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी आलं आहे. अशा ठिकाणी माणसांची वर्दळ कशाला वाढवायची? ही हरकत मान्य करूनच मी वाट कड्यावर मागतो, पाण्याच्या काठावर नाही. वर्दळ आजही आहे, फक्त ती विस्कळीत आहे. आखलेली वाट नसली की माणूस हवा तिथून उतरतो, दगड घसरवतो, झुडपांत बाटल्या टाकतो. किनाऱ्यावरच्या देशांनी वाळूच्या टेकड्या आणि पक्ष्यांची घरटी वाचवायला पायवाटांचाच उपयोग केला: लोकांना एका रेषेवर आणलं की बाकीची जमीन मोकळी राहते. विणीच्या हंगामात वाटेचा एखादा तुकडा बंद ठेवता येतो, रोजची संख्या ठरवता येते. बंदीची पाटी लावून हे काही साधत नाही, कारण तिच्या मागे उभा राहायला माणूस नसतो.

ज्ञानगंगा अभयारण्याची गोष्ट वेगळी. खामगाव आणि बुलढाण्याच्या मध्ये, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचं हे जंगल १९९७ साली अभयारण्य झालं. त्याचं नाव देशभर गेलं ते चालण्यामुळेच. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९च्या पावसाळ्याच्या तोंडावर तिथून निघाला आणि विदर्भ, तेलंगणाचा काही भाग, हिंगोली, वाशीम, अकोला असा वळसा घेत सुमारे तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याचं पाऊल न् पाऊल नोंदलं गेलं आणि त्याचं नावच ‘वॉकर’ पडलं. हा वाघ चालला कुठून, तर शेतांमधून, नाल्यांच्या काठाने, तुरी-कपाशीच्या आडोशाने, महामार्ग ओलांडत, बहुतेक रात्रीचा. माणसांच्या इतक्या दाट वस्तीतून त्याला वाट सापडली याचा अर्थ आपल्या शिवारात अजून सलग हिरव्या रेषा शिल्लक आहेत. वाघाला लागतात त्या आणि एका दिवसाच्या फिरस्त्याला लागतात त्या रेषा बऱ्याचदा एकच असतात: नाल्याकाठचा झाडोरा, टेकडीची धार, जुनी गाडीवाट. त्या राखायच्या असतील तर त्यांना कोणीतरी ओळखणारं, वापरणारं लागतं. मात्र वेळ वाटून घ्यावी लागेल. माणसाने दिवसा, ठरलेल्या वाटेवर, वाटाड्याबरोबर, रात्र वन्यप्राण्यांची. अस्वलांचा वावर असलेल्या भागात तर एकट्याने फिरू देऊच नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ मध्ये पर्यटनासाठी अभयारण्यात प्रवेशाची परवानगी देण्याची तरतूद आहे. ती परवानगी जिप्सीतल्या सहा जणांनाच द्यावी असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. वाटाडे बोथ्यासारख्या जंगलालगतच्या गावांतले घेतले तर गाडीच्या डिझेलवर जाणारा पैसा त्यांच्या घरात जाईल.

पण अभयारण्यं ही टोकं झाली. खरी संपत्ती मधल्या शिवारात आहे आणि ती कागदावर आधीच नोंदलेली आहे. प्रत्येक गावाच्या महसुली नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउटच्या पठारावर चालणाऱ्यांनी जमीनदारांची बंदी मोडली, काहींना तुरुंगात जावं लागलं, आणि १९४९च्या कायद्यानंतर कुठे तिथे गावोगावच्या पायवाटांचे अधिकृत नकाशे होऊ लागले. आपल्याकडे ते नकाशे तलाठ्याच्या दप्तरात पडून आहेत. अतिक्रमणाने बंद झालेल्या पांदण रस्त्यांसाठी सरकार योजना काढतं, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ नुसार तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतो, जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून शेतात जायची वाट देता येते. हे सगळे हक्क शेतकऱ्याचे आहेत, फिरायला निघालेल्या शहरी माणसाचे नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि तसंच असायला हवं. मात्र शेतकऱ्यासाठी मोकळ्या झालेल्या पांदणीवर सुगी नसताना कोणी चालत गेलं तर शेतकऱ्याचं नुकसान काय? पिकात घुसतील, हरभऱ्याचे घाटे ओरबाडतील, बांधावरच्या बोरी झोडपतील. हे होईल, खोटं कशाला बोला. म्हणूनच धुऱ्यांना हात लावू नये, सुरुवात फक्त सरकारी नोंदीच्या पांदणींपासून करावी, आणि ज्या ग्रामसभेला नको असेल तिच्या शिवारातून वाट नेऊ नये. एका गावाने ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा विकून चार पैसे मिळवले की शेजारच्या गावाची ग्रामसभा आपोआप ठराव करते, हा आपल्याकडचा अनुभव आहे.

उन्हाची हरकत खरी आहे, पण तिचं उत्तर पंचांगात आहे. मार्च संपता संपता शेगावच्या सपाटीवर दुपारी बाहेर पडू नये. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत पाय टाकला की चप्पल मातीतच राहते. त्यामुळे सपाटीवरच्या वाटा दसऱ्यापासून होळीपर्यंतच्या, आणि पावसाळ्यात बोथ्याचा घाट, लोणारचा कडा अशा मुरमाड-खडकाळ जागा. वर्षातले पाच महिने चालणारी सोय वाया गेली असं कुणी समजत नाही. साखर कारखानेही सहसा त्याहून फार जास्त चालत नाहीत. कचऱ्याच्या बाबतीत शेगावने घालून दिलेला धडा पुरेसा आहे. बायकांच्या सुरक्षिततेचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. वरचे ५७ टक्के आठवा. एकटीदुकटीने ओसाड वाटेला जाऊ नये हे आपल्या मुलींना आपणच शिकवतो, आणि वाट ओसाड राहते कारण तिथे कोणी जात नाही. पालखीच्या शेवटच्या टप्प्यात बायका निर्धास्त चालतात, अंधारातसुद्धा, कारण सोबत असते, पाणी असतं, दर काही अंतरावर विचारपूस करणारं माणूस असतं. ही तीन गोष्टींची व्यवस्था सुट्टीच्या दिवशी एखाद्या वाटेवर उभी करणं अवघड नाही. बचत गटांना पाण्याचे आणि फराळाचे थांबे दिले तर वाटेवर बायकांचा वावर आपोआप राहील.

सर्वांत जड हरकत वेगळीच आहे आणि ती शहाणी माणसं घेतात. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत बुलढाणा होता. जिथे बाई मैलभर चालत निंदणीला जाते, दिवसभर वाकून पुन्हा चालत घरी येते, तिथे रमतगमत फिरायच्या वाटा मागणं म्हणजे भरल्या पोटाचे चोचले नव्हेत का? मला हा प्रश्न टाळावासा वाटत नाही. पण त्याचा अर्थ नीट पाहिला तर तो असा होतो, की गरिबाच्या चालण्यात कष्ट असावेत आणि विसावा फक्त पैसेवाल्याने विकत घ्यावा. आज नेमकं तेच होतं आहे. ज्याच्याकडे गाडी आहे तो महाबळेश्वरला जातो, जिप्सीचे पैसे भरून ताडोब्यात वाघ बघतो. ज्याच्याकडे नाही त्याला वर्षातून एकदा शेगाव. निंदणीला जाणाऱ्या त्या बाईलाही मुरमाची, चिखल न होणारी, झाडं लावलेली पांदण हवी आहे. सोमवारी ती कामाला त्याच वाटेने जाईल आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी लेकरांना घेऊन बोरं खायला. एकाच वाटेचे हे दोन उपयोग आहेत आणि खर्च एकदाच होतो. शेगाव–पंढरपूर पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून विकसित करायला लागलेल्या पैशांच्या तुलनेत हा खर्च किती किरकोळ आहे, हे वेगळं सांगायला नको. त्या मार्गावर पालखी वर्षातले काही दिवसच असते. ट्रक रोज जातात.

घाई कुठे करायची, तर जिगावला. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर होणाऱ्या जिगाव प्रकल्पाचं काम तीन दशकांच्या आसपास रखडत चाललं आहे, पण कधीतरी तो पूर्ण क्षमतेने भरेल आणि समुद्र नसलेल्या या जिल्ह्याला मैलोन् मैल नवा काठ मिळेल. धरणांच्या काठांचं पुढे काय होतं हे खडकवासल्यापासून सगळीकडे दिसतं: आधी कुंपणं, मग फार्महाउस, मग पाण्यापर्यंत जायला खासगी फाटक. जिगावच्या काठावर पहिला हक्क बुडालेल्या गावांचा आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी त्यांनाच मिळाल्या पाहिजेत आणि पायवाटेच्या नावाखाली त्यांना तिथून हटवणं हा दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल. पण गाळपेराच्या वर, संपादित जमिनीच्या कडेने, दोन मीटर रुंदीची एक सार्वजनिक पट्टी आजच नकाशावर काढून ठेवता येते. विस्थापितांना आपल्या जुन्या शिवाराच्या कडेपर्यंत, वर राहिलेल्या म्हसोबा-मरीमायच्या ठाण्यापर्यंत पोचायला तीच वाट लागणार आहे. जमिनीचे सौदे सुरू होण्याआधी जलसंपदा खात्याने आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ती पट्टी सातबाऱ्यावर सार्वजनिक पायवाट म्हणून चढवावी. पाणी भरल्यावर हीच दोन मीटर जागा कोणत्याही सरकारला परवडणार नाही.